आजीला बॅगा सांभाळायला बसवू नका: अल्माटीतला बर्फाचा आठवडा

नाताळच्या सुट्टीत बर्फाच्या देशात निघालेल्या कुणालाही मी पहिलं विचारते, "आजी तिथे काय करणार?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "त्या खाली बसतील, सामानाकडे बघतील." तिकिटं काढायच्या आधी हे उत्तर बदला. उरलेली आखणी मग सोपी जाते.

आम्ही मुलुंडचे पाच जण: आम्ही दोघं, 12 वर्षांची लेक, 7 वर्षांचा मुलगा आणि 71 वर्षांच्या सासूबाई. कझाकस्तानातलं अल्माटी निवडलं, कारण भारतीयांना तिथे 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. (तिकिटाआधी नियम पुन्हा बघून घ्याच.) शिवाय तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धाच तास मागे, त्यामुळे आईंच्या गोळ्यांच्या वेळा बदलाव्या लागल्या नाहीत. मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षं चालतात, ते आधी काढून तारीख बघा. विमा घेताना स्कीइंग त्यात धरलंय का, हे लेखी विचारा. पुष्कळ पॉलिसींत ते नसतं.

कपड्यांवर फार पैसे घालवू नका. आम्ही जाड कोट सोसायटीतल्या दोन घरांतून मागून आणले आणि फक्त आतले थर्मल विकत घेतले. अंगाला लागून सुती गंजी नको. ती घाम धरून ठेवते आणि थांबलं की अंग गारठतं. थर्मल, त्यावर लोकरीचं, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारा कोट. तिथल्या इमारती आतून चांगल्याच उबदार असतात, म्हणून पटकन उतरवता येतील असेच थर हवेत. खोबरेल नेऊ नका, बाटलीत दगड होतं. आईंनी सावंतवाडीहून आलेला भिरंडेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाचा, गोळा घेतला होता, पाचही जणांचे ओठ आणि टाचा त्यावर निभावल्या. सनस्क्रीन मात्र हवंच. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो, त्यामुळे थंडीतही चेहरा भाजतो.

महिनाभर आधी घरी सराव करा. रोज संध्याकाळी भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून मिनिटभर बसायचं. दुसरा सराव पडण्याचा. गादीवर कुशीवर पडायचं आणि लगेच मुठी मिटायच्या, म्हणजे बर्फावर मागून येणाऱ्याच्या स्केटचं पातं बोटांवरून जाणार नाही. मुलांना हा खेळ फार आवडला आणि मेदेऊला त्याचाच उपयोग झाला. मेदेऊचं स्केटिंगचं मैदान 1,691 मीटर उंचीवर आहे, बर्फ सुमारे साडेदहा हजार चौरस मीटर, चहूबाजूंनी डोंगर. बुटांच्या नाड्या घोट्याशी करकचून बांधा, हात पुढे ठेवा, नजर पायांवर नको. पहिली वीस मिनिटं कठड्याला धरूनच काढा. लेकीने अर्ध्या तासाने कठडा सोडला, तेव्हा मला रडू आलं.

तिथून केबलकारने वर शिम्बुलाक या स्कीइंगच्या ठिकाणी जाता येतं. साडेचार किलोमीटरचा हा प्रवास आईंसाठी होता. खाली शहरावर हिवाळ्यातला धुरकट थर, वर लख्ख ऊन. दम्याचा त्रास असेल तर शहरापेक्षा वरच जास्त वेळ काढा. स्कीचं सगळं सामान, पँटसकट, तिथे भाड्याने मिळतं. पहिल्या दिवशी शिक्षक घ्याच. मुलाला त्यांनी स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवायला सांगितली, पिझ्झाच्या तुकड्यासारखी. तोच ब्रेक. त्याहून वर 3,200 मीटरपर्यंत केबलकार जाते, पण आईंना तिथे नेलं नाही. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

आईंचा खास दिवस होता अरासान स्नानगृहाचा. 1982 पासूनची ही भव्य इमारत. बायका-पुरुषांचे विभाग वेगळे, आणि रशियन, फिनिश, तुर्की पद्धतीच्या गरम खोल्या. आत बायका कपड्यांविना वावरतात, हे घरीच सांगून ठेवा. आई आधी नकोच म्हणाल्या. मग अंगाभोवती पंचा गुंडाळून तुर्की विभागातल्या कोमट दगडावर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, गुडघे माझे राहिलेच नाहीत." दर दहा मिनिटांनी बाहेर या, पाणी प्या.

जेवणात घोड्याचं मांस सर्रास असतं. 'बेज म्यासा', म्हणजे रशियनमध्ये मांसाशिवाय, एवढं पाठ करा. आमचा एक गुरुवार मार्गशीर्षातला होता. त्या रात्री खोलीतच भात शिजवून मेतकूट-तूप कालवलं.

परतल्यावर लोकरीचे कपडे दोन दिवस गॅलरीत कडक उन्हात वाळवा. मुंबईच्या दमट हवेत ओलसर घडी घातली तर बुरशी धरते. कोट धुऊन, खिशांतले हातमोजे काढून, ज्यांचे त्यांना परत करा. आमचे थर्मल डांबराच्या गोळ्या घालून माळ्यावर ठेवलेत. यंदा ते तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना द्यायचेत.