तरुण संघाची जबाबदारी अंगावर आली असेल तर

चर्चची उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी, म्हणजे पाद्रींनी, बाजूला घेऊन "यंदा तरुण संघ तुम्ही सांभाळा" म्हटलं, की नवखा माणूस आधी शिबिराची तारीख काढतो. इथेच गाडी चुकते. शिबिरात डोळे पुसत प्रार्थना केलेली मुलं तिसऱ्या रविवारी पुन्हा मागच्या बाकावर मोबाईल बघत असतात. त्यांचा विश्वास खोटा नसतो, पण घरी गेल्यावर त्याचं करायचं काय, हे कुणी सांगितलेलं नसतं. आधी काम द्या, शिबिर नंतर. काम म्हणजे छोटं, ठरलेल्या वारी करायचं आणि एका माणसाशी बांधलेलं.

गट करताना आठवी-नववीची मुलं वेगळी बसवा आणि दहावीपासून पुढची वेगळी. एकत्र बसवली की मोठी बोलतात, लहान माना डोलावतात. एका गटात ८ ते १० मुलं आणि दोन मोठी माणसं पुरेत, त्यांत एक बाई हवीच. बैठक ७५ मिनिटांची: गाणी १०, बायबलचं वचन १५, चर्चा २५, कामाचा हिशेब १५, प्रार्थना १०. बिघडतं ते वचनाच्या १५ मिनिटांत. पुढाऱ्याला बोलायचा हुरूप येतो, त्याची ४० होतात आणि कापला जातो नेमका कामाचा हिशेब. सकाळी एक उपदेश झालेला असतो, दुसरा नको.

सुरुवातीला बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय घ्या, वचनं १४ ते १७: कृतीविना विश्वास निर्जीव. "यातून काय शिकलो?" असं विचारू नका. "सगळ्यांवर प्रेम करावं" हे पाठ उत्तर येईल. त्याऐवजी विचारा, "गेल्या महिन्यात मंडळीत (चर्चमध्ये) कोण दिसलं नाही?" मग नावं निघतात. गुडघे धरलेल्या आजी, रात्रपाळी लागलेले काका, बारावीत नापास झाल्यापासून न येणारी मुलगी. ही यादी फळ्यावर लिहा. वर्षभराचं काम तिच्यातूनच निघतं.

समजा एक जोडी आजींकडे जाणार आहे. आदल्या दिवशी फोन करायचा, शनिवारी चारला जायचं, सोबत एक मोठं माणूस आणि मुक्काम अर्धा तास. स्तोत्र २३ मोठ्याने वाचायचं. सहाच वचनं आहेत, घाई नको. मग आजींना त्यांच्या आवडीचं भजन म्हणायला सांगायचं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं जुन्या माणसांना तोंडपाठ असतात. आजींची चाल आणि मुलांनी गिटारवर बसवलेली चाल बहुधा जुळत नाही. तिथे गिटार खाली ठेवायची आणि आजींच्या मागून म्हणायचं. निघताना एकच प्रश्न: "पुढच्या वेळी काय आणू?" उत्तर साधं असतं. गोळ्यांची पट्टी, उडालेला बल्ब, मोबाईलचं रिचार्ज. ते वहीत लिहायचं आणि आणायचं. जोडी निदान तीन महिने बदलू नका. दोन खेपांनंतर मुलं थांबली तर आजी दर शनिवारी दाराकडे बघत राहतात. त्यापेक्षा न गेलेलं बरं. फोटो अजिबात नको. डाव्या हाताला कळू न देण्याचं वचन (मत्तय ६:३) मुलांना ठाऊक असतं, स्टेटस टाकताना आठवत नाही.

दुसरं चांगलं काम हंगामाच्या सणाचं. धान्य, कोंबडी, भोपळे मंडळीत येतात आणि त्यांचा लिलाव होतो. वही मुलांकडे द्या: एकाने वस्तू धरायची, एकाने लिहायचं, दोघांनी मिळून पैसे मोजायचे. रकाने पाच हवेत: वस्तू, बोली, नाव, रोख, बाकी. बाकीचा रकाना विसरला की उत्साहात बोललेले पैसे वसूल होत नाहीत आणि खजिनदार मुलांवर डाफरतो. घेणारा तोच भोपळा परत अर्पण करतो, त्याची पुन्हा बोली लागते. ती नोंद नव्या ओळीवर करायची. लहानसहान गोष्टींत विश्वासू असणं (लूक १६:१०) मुलांना इथे उपदेशापेक्षा लवकर कळतं.

मंडळीबाहेर सेवेला जाल तेव्हा धर्माची पत्रकं घरी ठेवा. पोळीभाजी घेणाऱ्याला बदल्यात काही ऐकावं लागेल असं वाटता कामा नये. शाळा-कॉलेजात "तुम्ही बाटलेले का?" हा प्रश्न येतोच, त्याची तालीम बैठकीत घ्या. उत्तर दोन वाक्यांचं, न चिडता, दुसऱ्याच्या धर्माला नावं न ठेवता. नगरला अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचं काम १८३१ साली सुरू झालं. काही घरांत विश्वास पाच-सहा पिढ्यांचा आहे, काहींत आईपासूनचा. आपल्या घराची गोष्ट मुलाला नीट माहीत असली की आवाज चढत नाही.

एका बाबतीत सूट नाही. बंद खोलीत एक मोठा आणि एक मूल, असं कधीही नको. रात्रीचे खासगी मेसेज नकोत. व्हॉट्सॲप गटात पालक हवेत, बाहेर नेताना त्यांची लेखी परवानगी हवी. लैंगिक अत्याचाराचं काही कानावर आलं तर मंडळीच्या पंचकमिटीत मिटवायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

कामाचं वर्ष जून ते जानेवारी धरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची मुलं सोडून द्या, त्यांच्या शनिवारच्या खेपा नववीच्या मुलांना आधीच वाटून ठेवा. शिबिर दिवाळीच्या सुट्टीत, दोन रात्रींचं. शेवटच्या रात्री भाषण ठेवू नका. प्रत्येक जोडीने आपली वही उघडून वाचायची: कुणाकडे गेलो, काय आणायचं होतं, काय राहिलं.