पेटीवर आडनाव लावा, मग बॅग उघडा

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात पाकिटावर पत्ता अर्धवट असला तरी चालायचं. 'ज्ञानोबाची लेक' म्हटलं की पोस्टमन काका थेट ओट्यावर यायचे. एम.एस.साठी जर्मनीला आले आणि पहिल्याच महिन्यात बँकेचं पत्र परत गेलं. रस्ता, घर क्रमांक, पिनकोड, सगळं बरोबर होतं.

"मग कामून परत गेलं गं?" दादांनी फोनवर विचारलं.

इथे बहुतेक इमारतींच्या पत्त्यात फ्लॅट नंबरच नसतो. पोस्टमन खालच्या पेट्यांवरची आडनावं वाचतो, सापडलं तर पत्र टाकतो, नाही तर परत. माझ्या पेटीवर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. आणि त्या लिफाफ्यात माझ्या कार्डाचा पिन होता. दादांना हे समजावून सांगताना मला रडू आवरलं नाही.

म्हणून आपल्या भागातून निघणाऱ्या पोरापोरींना पहिली विनंती. खोलीची किल्ली हातात पडली की घरमालकाला सांगून पेटीवर आणि बेलवर पासपोर्टवरचं आडनाव लावा, बॅग त्यानंतर उघडा. पिन, आरोग्यविम्याचं कार्ड, अकरा आकडी करक्रमांक, सगळं टपालानेच येतं. पिवळ्या लिफाफ्यात सरकारी पत्र आलं तर लिफाफा फेकू नका. पोस्टमनने त्यावर तारीख लिहिलेली असते आणि उत्तराची मुदत त्या तारखेपासून मोजतात.

दुसरं काम पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते. मोठ्या शहरात अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून घर ठरलं की लगेच शोधायला लागा. उशिराची मिळाली तर बुकिंगचा मेल जपून ठेवा. सोबत पासपोर्ट आणि घरमालकाने सही केलेला, 'हे इथे राहायला आले' असा कागद लागतो. माझा पहिला घरमालक म्हणाला, राहा, पण नोंदणी करू नका. खोली स्वस्त होती, मी गप्प बसले. तो कागद देणं कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे, हे मला फार उशिरा कळलं. नोंदणी नाही म्हणून करक्रमांक नाही, राहण्याच्या परवान्याचा अर्जही अडकलेला. महिन्याभरात ती खोली सोडली. असं कुणी म्हणालं तर खोली कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो भरले तरी हातात महिन्याला ९९२ युरोच येतात, आणि तेही इथलं खातं सुरू झाल्यावर. पहिल्या महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट वेगळं घेऊन या. व्हिसाची मुदत संपायच्या आधी परवान्याचा अर्ज पोचवा आणि त्याची पोच ठेवा. परवान्याचं कार्ड हातात येईपर्यंत परवाना देणाऱ्या ऑफिसकडून तात्पुरता कागद मागून घेता येतो.

पण खरं काम गावातच करून निघायचं असतं. माझ्या दहावीच्या मेमोवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, दादांचं नाव इंग्रजीत 'डी'ने सुरू होत होतं आणि डिग्रीवर 'जी'ने. आपल्याला दोन्हीकडे ज्ञानोबाच दिसतो, परक्या माणसाला दोन वेगळी माणसं दिसतात. व्हिसासाठी १ नोव्हेंबर २०२२ पासून ए.पी.एस. प्रमाणपत्र, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासून दिलेला दाखला, सक्तीचं आहे. त्यासाठी कागद गोळा करतानाच हे लक्षात आलं, म्हणून वाचले. डिग्री दुरुस्त करून घेण्यात तीन महिने गेले.

जन्मतारखेचंही तसंच. आपल्याकडे १ जूनला जन्मलेली माणसं किती आहेत बघा! शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली तारीख टी.सी.वर, तिथून पासपोर्टवर, आणि ग्रामपंचायतीत एक तर वेगळी तारीख, नाही तर नोंदच नाही. शिकायला येताना हे खपून जातं. माझ्या शेजारी लातूरकडचं एक जोडपं राहतं. त्यांना इथे बाळ झालं तेव्हा नोंदणी कचेरीने आईबापाचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला मागितला. बापाच्या दाखल्यावरची तारीख पासपोर्टशी जुळेना. बाळाचा दाखला अडला, आणि ती माउली रोज पेटी उघडून बघायची. वर्ष उलटून गेलेली जन्मनोंद करायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, परदेशात बसून ते होणं फार कठीण. दाखला आत्ताच काढून बघा.

पुढच्या वर्षी धाकटा भाऊ निघणार आहे. परवा व्हिडिओ कॉलवर त्याची टी.सी., सनद, आधार आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवायला लावून अक्षर न् अक्षर वाचून घेतलं. आईच्या नावात आधारवर एक 'ए' जास्त निघाला. सोमवारी तो तालुक्याला जाऊन दुरुस्तीचा अर्ज देणार आहे.