डिसेंबरात लावलेला फॅन कर्व्ह मे महिन्यात का बोंबलतो

फॅन कर्व्ह म्हणजे प्रोसेसर किती तापला की पंखा किती वेगाने फिरवायचा, याची बायोसमधली आखणी. प्रोसेसर बसवणं, थर्मल पेस्ट लावणं, बायोसमध्ये शिरणं हे तुम्हाला येतं असं धरून लिहितोय. जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात असेंब्ली-रिपेअरिंगच्या कामात नव्याने उतरलेल्या पोरांसाठी हे आहे. पुण्या-मुंबईच्यांनी वाचायला हरकत नाही, पण तुमच्याकडे पारा 45 ला टेकत नाही, त्यामुळे तुमचं बरंच काही खपून जातं. आमचं खपत नाही.

आवाज कमी ठेवायचा आणि वाराही पुरेसा खेळवायचा, हे काम ऐकायला किरकोळ वाटतं. गिऱ्हाईक मात्र त्यावरूनच तुम्हाला जोखतं. तुम्ही कुठली रॅम टाकली ते त्याला दिसत नाही, घरघर ऐकू येते.

आता मुख्य खड्डा. यात मी चांगला कमरेपर्यंत गेलोय, म्हणून जरा पाल्हाळ लावणार आहे.

थंडीत एका फोटो स्टुडिओसाठी मशीन बांधलं. लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं काम. खोलीत 22 अंश. रेंडर लावला, म्हणजे मिक्सिंग झालेल्या व्हिडिओची फाइल बनवायला टाकली, प्रोसेसर 72 वर स्थिरावला, पंखे जेमतेम ऐकू येत होते. गिऱ्हाईक खूश, मी त्याहून खूश. एप्रिल उलटत असताना फोन आला. माणूस अमळनेरकडचा, अहिराणी बोलणारा. "भाऊ, हाऊ डबा दिनभर का बरं आरडस?" मी जाऊन कर्व्ह खाली ओढला. आवाज गेला. मग प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करायला लागला आणि ऐन लग्नसराईत रेंडर लांबत गेले. त्या महिन्यात मी जे ऐकून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

झालं काय होतं? पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. त्यामुळे ठरावीक काम आणि पंख्याचा ठरावीक वेग असेल, तर प्रोसेसर आत येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी वर राहतो. माझ्या मशीनमध्ये 72 वजा 22, म्हणजे 50 चा फरक. हा फरक थंडी-उन्हाळ्यात जवळपास तोच राहतो. मे महिन्यात खोली 42 वर गेली की 42 अधिक 50, म्हणजे 92. पंखे तेच, पेस्ट तीच, आणि तरी प्रोसेसर जिथे स्वतःचा वेग कमी करतो त्या मर्यादेला तुम्ही जाऊन भिडलात. रायझन 5600 ची मर्यादा 90 आहे, 7600 ची 95, इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची 100 च्या आसपास.

आणि कर्व्हला हे काही माहीत नसतं. त्याला फक्त प्रोसेसरचा आकडा दिसतो. थंडीत नुसतं चालू ठेवलेलं मशीन 38 वर होतं, उन्हाळ्यात तेच 58 वर. माझा कर्व्ह 55 पासून चढत होता. म्हणजे मे महिन्यात नोटपॅड उघडून बसलात तरी पंखा चढणीवरच. त्यात प्रोसेसरचा आकडा ब्राउझर उघडताच क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतो आणि लगेच खाली येतो, पंखा त्याच्यामागे वर-खाली धावतो. कानाला त्रास होतो तो या वर-खाली होण्याचा. एकसुरी आवाज माणूस विसरून जातो.

म्हणून पडद्यावरचा आकडा एकटा कधीच लिहू नका. शेजारी आत येणाऱ्या हवेचं तापमान लिहा. वायरचा प्रोब असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, फ्रिज किंवा फिश टँकला लावतात तो, आणि प्रोब समोरच्या जाळीपुढे लटकवा. मोबाईलवरच्या हवामानाचा इथे उपयोग नाही. आपल्याकडे कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबायची पद्धत आहे. मागून निघालेली गरम हवा कप्प्यातच फिरून पुढून परत आत जाते. खोली 40 वर असते आणि जाळीपुढे 46 दिसतात. हे सहा अंश कुठल्याही महागड्या कूलरने भरून निघत नाहीत. कप्प्याची मागची फळी काढली की निघतात.

फरक काढलात की तो 42 मध्ये मिळवा आणि मग कर्व्ह आखा. माझा उन्हाळी कर्व्ह साधारण असा असतो: 68 पर्यंत सपाट 40 टक्के, तिथून 88 पर्यंत सावकाश चढण, पुढे पूर्ण. स्टेप-अप टाइम किंवा डिले, म्हणजे वेग बदलण्याआधी पंखा किती थांबतो ते, जो काही तुमच्या बोर्डात असेल तो काही सेकंदांवर न्या, म्हणजे छोट्या उड्यांना पंखा दाद देणार नाही. थंडीचा कर्व्ह वेगळा, अलीकडून आणि हळू चढणारा. बायोसमध्ये दोन्ही प्रोफाइल जतन करून ठेवा. मी होळीला एक लावतो आणि दिवाळीला दुसरा.

उन्हाळ्यात आवाजाची फार काळजी करू नका हेही सांगतो. खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घोंघावत असतो, त्यापुढे तुमचे 1,200 आरपीएम (मिनिटाला फेरे) कोणाला ऐकू येणार? तेव्हा वारा भरपूर घ्या. शांतता डिसेंबरात रात्री हवी असते, आणि तेव्हा हवा फुकट थंड असते. खानदेशाने एवढी एक सोय तरी केली आहे. फक्त कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको, पाण्याचे शिंतोडे आणि बोअरच्या पाण्याचे क्षार आत जातात.

पंखे किती लावायचे? गणित सोपं आहे. वारा वेगाच्या प्रमाणात वाढतो, आवाज मात्र त्याहून कितीतरी झपाट्याने. वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो आणि आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो. तसाच दुसरा पंखा जोडला तर वाढतात फक्त 3. म्हणजे एका ओरडणाऱ्या पंख्यापेक्षा दोन रेंगाळणारे कधीही बरे, आणि जागा असेल तर 120 मिलिमीटरपेक्षा 140 बरा. पण समोर बंद काच असलेल्या कॅबिनेटमध्ये तीन काय, सहा पंखे लावा, हवा येणार कुठून? आधी जाळीचं तोंड असलेलं कॅबिनेट घ्यायला लावा.

इथे माझं एक ठाम मत. मोलेक्सवर, म्हणजे थेट पॉवर सप्लायच्या वायरवर चालणारे रंगीबेरंगी सहा पंख्यांचे स्वस्त किट विकू नका. ते कायम पूर्ण वेगाने फिरतात, कर्व्ह त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तीन पिनचा पंखा बोर्डाच्या चार पिनच्या हेडरवर (पंखा जोडायच्या जागी) लावून हेडर पीडब्ल्यूएमवर, म्हणजे चौथ्या पिनने वेग सांगणाऱ्या मोडवर ठेवलात तरी तेच होतं, पंखा 12 व्होल्टवर सुसाट. हेडर डीसी मोडवर, म्हणजे व्होल्ट कमी-जास्त करून वेग बदलणाऱ्या मोडवर आणा, काम झालं. एवढ्यासाठी पंखा बदलून पैसे घेणारे लोक मी पाहिलेत.

दुसरं मत उस्ताद लोकांबद्दल. प्रत्येक दुकानात एक जुना माणूस असतो जो म्हणतो, साइड पॅनल काढ आणि टेबल फॅन लाव. त्याचा राग येतो, पण तपासायची पहिली पायरी म्हणून ते चांगलं आहे. पॅनल काढल्यावर आकडा आठ-दहा अंशांनी पडला तर कॅबिनेट कोंडतंय. जेमतेम एक-दोन पडला तर दोष कूलरच्या बसवणीत किंवा पेस्टमध्ये शोधा. उपाय म्हणून मात्र नको, आपल्याकडच्या धुळीत तर नकोच. व्हिडिओ बघून कर्व्ह उतरवून घेणाऱ्यांनाही हेच सांगेन: तो माणूस 21 अंशांच्या खोलीत बसलाय.

वारा दिसत नाही म्हणून मी उदबत्ती वापरतो. सीलिंग फॅन बंद करायचा, मशीनवर लोड टाकायचा आणि उदबत्ती समोरच्या जाळीच्या खालच्या कोपऱ्याशी धरायची. धूर सरळ रेघेत आत ओढला जायला हवा. मग तीच उदबत्ती हळूहळू वर न्या. बऱ्याच कॅबिनेटमध्ये समोरचा वरचा पंखा बसवलेला नसतो, आणि त्या मोकळ्या भोकाशी धूर आत जायच्या ऐवजी अंगावर येतो. आतली गरम हवा तिथून पुढे निसटते आणि खालचा पंखा तीच परत ओढतो. त्या भोकावर पुठ्ठ्याचा तुकडा आणि टेप लावा, पुन्हा धूर बघा. राख मात्र बाहेरच झटका.

धुळीचं थोडक्यात. दिवाळीनंतर कापूस निघतो, जिनिंग सुरू होतात, आणि धरणगाव, जामनेर, बोदवडकडच्या मशीनमध्ये फिल्टरवर सरकीच्या तुसाची गोधडी बसते. आत येणारा वारा बाहेर जाणाऱ्यापेक्षा किंचित जास्त ठेवा, म्हणजे हवा फिल्टरमधूनच येईल, फटींतून नाही. त्या दिवसांत फिल्टर पंधरवड्याला झटकायला गिऱ्हाइकालाच शिकवा. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरा. भिंगरीसारखा फिरवून मजा येते, पण बेअरिंग जातं आणि पुढच्या महिन्यात टकटक ऐकू आली की ते तुमच्याच नावावर. स्लीव्ह बेअरिंगचे पंखे आपल्या उन्हात तसेही लवकर सुकतात, छताला आडवे लावले तर आणखी लवकर.

सुरुवातीला हे सगळं डोक्यावरून जाईल. जाऊ द्या. चार-पाच मशीनचे फरक लिहिले की बोटांना अंदाज यायला लागतो आणि कर्व्ह आखायला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही. घाबरायचं कारण नाही, प्रोसेसर स्वतःला जाळून घेत नाही, तो आधी हळू होतो. घाबरायचं ते न लिहिण्याला.

मी जॉब कार्डवर चार रकाने वाढवलेत: जाळीपुढची हवा, लोडवरचा प्रोसेसर, दोघांतला फरक, पंख्याचा आरपीएम. मे महिन्यात फोन आला की गिऱ्हाइकाला आधी प्रोब लावून जाळीपुढचा आकडा विचारतो, त्यासाठी थर्मामीटर मशीनसोबतच देतो आणि बिलात लावतो. फरक कार्डावरच्या इतकाच असेल तर उन्हाळी प्रोफाइल फोनवरच बदलून देतो. वाढला असेल तर फिल्टर, पंखा, पेस्ट याच क्रमाने बघायला जातो, आणि त्या फेरीचे पैसे आधी सांगून घेतो.