विंडोज सोडायचंय? आधी लिनक्स पेनड्राइव्हवर चालवून बघा
विंडोज १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला, म्हणून धडधाकट कॉम्प्युटर भंगारात काढू नका. नवख्या माणसाला मी डोळे झाकून लिनक्स मिंट सुचवते, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी एक मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू. बिचकायला होत नाही. मिंटच्या आवृत्त्यांपैकी रॅम ४ जीबी किंवा जास्त असेल तर सिनॅमन घ्या, कमी असेल तर हलकी एक्सएफसीई.

मिंटची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टीम एकाच फाइलीत) पेनड्राइव्हवर चढवा (त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं, बरं का) आणि कॉम्प्युटर त्यावरूनच सुरू करा. इन्स्टॉलची घाई नको. वाय-फाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर कागद ओढतोय का, ते बघा. संथ वाटलं तर तो बहुधा पेनड्राइव्हचा दोष.

फोटोशॉपवाचून अडत असेल तर मात्र विंडोज राहू द्या, ते लिनक्सवर थेट चालत नाही. आणि इन्स्टॉल करताना बॅकअप घेतल्याशिवाय डिस्क पुसण्याच्या पर्यायाला हात लावू नका.