गराज सेल: किमतीच्या चिठ्ठ्या टिकवायच्या कशा?

न्यू जर्सीत जुलैच्या दमट उन्हात अंगणात घरातलं जुनं सामान विकायला मांडलं की किमतीचे गोल स्टिकर कडा सोडतात आणि गवतात पडतात. मग जो तो "हे केवढ्याला?" विचारतो, आणि बरेच जण न विचारताच पुढे जातात. जे चिकटून राहतात त्यांचा गोंद वेगळाच ताप. (स्टीलवरचा खोबरेल तेलाने निघतो, पुस्तकांना तेल कुठून लावणार?)

यंदा रंगकामाची निळी टेप वापरली. सोलली की डाग नाही. मार्करने किमतीसोबत वस्तूचं नावही लिहिलं: 'टेबल लॅम्प, ५ डॉलर'. म्हणजे २ डॉलरची पट्टी काढून लॅम्पला लावायचा प्रश्नच मिटला. कपड्यांना सेफ्टी पिनेने चिठ्ठी. कुकरच्या भांड्यावर नि झाकणावर वेगळी पट्टी, दोन्हींवर 'जोडी' लिहून, नाहीतर झाकण भलत्याच टेबलावर सापडतं.

किमती २५ सेंटच्या पटीत ठेवल्या, सुट्ट्या पैशांसाठी क्वार्टर (२५ सेंटची नाणी) पुरतात. घासाघीस होणारच, म्हणून ८ डॉलरला द्यायचं त्यावर १० लिहिलं. पुस्तकांना चिठ्ठीच नाही. खोक्यावर 'कोणतंही ५० सेंट'. दुपारी ते खोडून 'पिशवीभर २ डॉलर' केलं. दिवाळी अंक सोडून सगळं गेलं.