सुई टोचण्याआधीचा तास

ऑपरेशनसाठी शिरेत कॅन्युला (औषध-सलाईन देण्याची बारीक नळी) घालताना होणारी वेदना बरीच कमी करता येते, पण त्याची तयारी रुग्ण टेबलावर आल्यावर सुरू करून भागत नाही. बधिर करणाऱ्या मलमाला (लिग्नोकेन आणि प्रिलोकेन, प्रत्येकी 2.5 टक्के) पूर्ण 60 मिनिटं लागतात. म्हणून ते वॉर्डातच लावा: जाड थर द्या, चोळू नका, वर चिकट पारदर्शक ड्रेसिंग लावून त्यावर वेळ लिहा. एक शीर हुकली तर दुसरी हवी, म्हणून दोन जागा निवडा. या मलमानं कातडी पांढुरकी पडते, शिराही आकसतात. पुसून 5-10 मिनिटं थांबलात तर त्या पुन्हा वर येतात. तान्ह्या बाळांना प्रिलोकेनमुळे मेथहिमोग्लोबिन (प्राणवायू वाहून नेऊ न शकणारं हिमोग्लोबिन) वाढण्याचा धोका असतो, तिथे मात्रा वय आणि वजन पाहूनच ठरवा.

तेवढा वेळ नसेल तर ट्रेमध्ये 1 टक्का लिग्नोकेन आणि इन्सुलिनची सिरिंज ठेवा. ॲलर्जी विचारून घ्या. शिरेच्या अगदी बाजूला, कातडीतच 0.1 ते 0.2 मिली सोडा. मसुराच्या दाण्याएवढा फुगवटा दिसला पाहिजे. जास्त सोडलंत तर शीर त्याखाली लपते. अर्धा-एक मिनिट थांबून त्या फुगवट्यातूनच कॅन्युला घाला. औषध आम्लधर्मी असल्यानं स्वतःच झोंबतं. 10 मिली लिग्नोकेनमध्ये 8.4 टक्के सोडियम बायकार्बोनेट 1 मिली आयत्या वेळी मिसळलं की झोंबणं कमी होतं. ‘दोनदा टोचायचं कशाला?’ असं पुष्कळजण म्हणतात. पण 18 किंवा 16 गेजची जाड सुई जाणार असेल, तर ही बारीक टोचणी नक्कीच परवडते.

हात गार असेल तर आधी ऊब द्या आणि खाली लोंबता ठेवा. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला मज्जातंतू जवळ असतो, तिथे कळ जाते. त्यापेक्षा कोपराखालचा सपाट भाग बरा. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, ओलं असताना टोचलं की आग होते. कातडी खाली ताणून धरा, म्हणजे शीर निसटत नाही. ‘आता खूप दुखेल’ असं बोलू नका, त्या शब्दांनीच वेदना वाढते. ‘आता सुरू करतोय’ एवढंच सांगा आणि नेमक्या क्षणी खोकायला लावा. दोनदा जमलं नाही, तर तिसऱ्यांदा दुसऱ्या अनुभवी हाताला बोलवा.