जुने कपडे द्यायचे तर असे द्या

कराडात माझं शिवणकामाचं दुकान आहे. फॉल-पिको, आल्टर, रफू ही रोजची कामं आणि उन्हाळ्यात गोधड्या. नवरात्राआधी घरं आवरायला निघाली की बायका कपड्यांची गाठोडी घेऊन येतात आणि विचारतात, "ताई, हे कुणाला देऊ?" मी आधी गाठोडं सोडायला लावते. आत काय आहे ते बघितल्याशिवाय कुणाला द्यायचं हे ठरत नाही. निवड घरातच झाली पाहिजे. न निवडलेलं गाठोडं संस्थेच्या दारात ठेवून आलं, की तुमच्या घरचं काम तिथल्या माणसांच्या गळ्यात पडतं.

निवडताना प्रत्येक कपडा उजेडाकडे धरा. शर्ट आधी कॉलरच्या घडीवर आणि काखेत विरतो, पँट आसनात आणि मांड्यांमध्ये. तिथून उजेड झिरपत असेल तर तो कपडा बाहेरून कितीही चांगला दिसला तरी महिनाभरात फाटणार. रेशमी साडी घडीवर चिरते, म्हणून ती उलगडून घडीच्या रेषेवर हलकेच ताणून बघा. इलॅस्टिक ओढून सोडा, परत आलं नाही तर ते मेलं. चेन दोनदा वरखाली करा.

जे धड आहे ते घालण्यासाठी द्या. ज्याला फक्त बटण, हूक किंवा उसवलेली शिवण लागते ते दुरुस्त करून द्या. पाच रुपयांच्या बटणापायी अख्खा शर्ट वाया जातो. घेणाऱ्याकडे सुईदोरा असेल, पण दिवसभर राबल्यावर बटण लावायला वेळ असेलच असं नाही. वापरलेले आतले कपडे कुणालाच देऊ नका. ते सुती असतील तर धुऊन चिंध्या करा.

आता एक गोष्ट जी जवळपास सगळ्यांच्या नजरेतून सुटते. साडी एकटी देऊ नका. परकराशिवाय ती नेसता येत नाही, म्हणून परकर सोबत द्या, नाडी घालून. ब्लाउज मापाचा असतो, तरी आत माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, सोडलेली असेल तर तो उसवून वाढवता येतो, म्हणून तोही साडीतच ठेवा. पंजाबी ड्रेसचे तिन्ही कपडे ओढणीत बांधून द्या. सलवार एका पिशवीत आणि कुर्ता दुसरीत गेला की दोन्ही निरुपयोगी होतात. लहान मुलांच्या कपड्यांवर वयाची चिठ्ठी टाचा.

मग धुणं. धुऊन, कडक वाळवून, घडी घालूनच द्यायचं. पावसाळ्यात एक दमट टॉवेल पिशवीत गेला तर चार दिवसांत सगळ्या पिशवीला बुरशी धरते. खिसे तपासा, पिना काढा.

कुणाला द्यायचं? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त मागणी असलेला जुना कपडा म्हणजे पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. आमच्या भागात दिवाळीच्या सुमाराला साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात, मोकळ्या रानात त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. उसाचं पान अंग कापतं, म्हणून बाया साडीवर पुरुषी शर्ट चढवून तोडणी करतात. कॉलर विटलेली असली तरी चालते, बाही मात्र मनगटापर्यंत हवी आणि कापड जाड हवं. पहाटेच्या गारठ्यात लागणारे स्वेटर आणि मुलांच्या टोप्याही तिथे खऱ्या अर्थाने कामी येतात. देताना कोपीवर जाऊन आधी बायकांना विचारा, काय लागतंय. ट्रॉलीतून कपडे उधळून फोटो काढणारे लोक मी पाहिलेत. ते बघून मला फार त्रास होतो. घेणाऱ्याला निवडायचा आणि नको म्हणायचा अधिकार असलाच पाहिजे.

घरकामाच्या मावशींनाही हेच लागू. त्यांना एकट्यात विचारा, "मावशी, यातलं काही उपयोगाचं आहे का बघा, नको ते इथेच राहू द्या." आणि हे कपडे दिवाळीच्या पैशांऐवजी द्यायचे नसतात. पैसे ते पैसे.

संस्थेला द्यायचं असेल तर आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: काय घेता, काय नाही घेत, आणि उरलेल्याचं काय करता. तिसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं तरच गाठोडं हलवा. 'गूंज' ही संस्था मला यासाठी आवडते. अंशू गुप्ता यांनी ती १९९९ साली दिल्लीत सुरू केली, २०१५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातले लोक मिळून विहीर, रस्ता, तळं असं गावाला हवं ते काम करतात आणि कपडे त्या श्रमाचा मोबदला म्हणून मिळतात. त्यामुळे घेणाऱ्याची मान खाली जात नाही. न घालण्याजोग्या सुती कापडापासून तिथे सॅनिटरी पॅडही बनतात.

पुराच्या वेळी मात्र जुने कपडे ट्रकात भरू नका. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला पूर आला तेव्हा सांगलीकडच्या बायकांनी आमच्याकडे मागितलं ते नवे आतले कपडे, गाऊन, टॉवेल आणि चादरी. घर चिखलात असताना कपड्यांचे ढीग उपसत बसायला कुणाला सवड असते?

जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या, दारावर येणाऱ्या बोहारणीला कमी लेखू नका. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन उन्हात फिरणाऱ्या या बायका, गुजरातेतून आलेल्या देवीपूजक समाजातल्या बऱ्याच जणी, कपडा ओळखण्यात माझ्यापेक्षा तयार आहेत. बोट फिरवून सांगतात, "काकू, कॉलर गेलेली." त्यांनी नेलेला कपडा धुऊन, दुरुस्त होऊन, इस्त्री होऊन पुन्हा बाजारात येतो आणि कमी पैशांत कुणाच्या तरी अंगावर जातो. एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस करू नये.

आता फाटकं. इथे कापड सुती आहे की नाही यावर सगळं ठरतं. शंका असेल तर आतल्या शिवणीतला दोरा ओढून काढा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर पेटवा. सुती दोरा कागदासारखा जळतो, मऊ राखाडी राख पडते. पॉलिस्टर आक्रसून वितळतो आणि काळा कडक मणी होतो. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. राख आणि मणी दोन्ही दिसले तर कापड मिश्र.

जुन्या सुती साड्यांची गोधडी करा. धुऊन धुऊन मऊ झालेली साडी नव्या कापडापेक्षा अंगाला चांगली. जाड शिवणी कापून टाकायच्या, साड्या एकावर एक सपाट अंथरायच्या, कडा टाचून घ्यायच्या आणि कडेने सुरू करून आत आत धावदोरा घालत जायचं. सुरकुती हाताने सतत बाहेर सारत राहायची, नाहीतर मधे फुगा राहतो. नायलॉनची साडी थरात घालू नका, ती सरकते आणि घाम शोषत नाही. बनियन आणि टीशर्टच्या चिंध्या गॅरेजवाले आनंदाने घेतात, तेल पुसायला त्यांना तेच कापड लागतं. बटणं, चेन, इलॅस्टिक कापून द्या, म्हणजे गाडीवर ओरखडे उठत नाहीत.

फाटक्या पॉलिस्टरचा प्रश्न खरा अवघड आहे. हरियाणातल्या पानिपतला जुन्या कपड्यांचे रंगांनुसार ढीग लावून, ते फाडून, पिंजून पुन्हा सूत काढतात. त्यातून घोंगड्या, सतरंज्या होतात. मात्र दर वेळी धागा आखूड आणि कमजोर होतो, आणि सुती-पॉलिस्टर-लायक्रा एकत्र विणलेलं कापड वेगळं करणं कठीण. म्हणून असा कपडा मुळात कमी घ्यावा, हे मी दुकानात बसूनही गिऱ्हाइकांना सांगते. जे आहे ते कोरडं आणि वेगळं बांधून सुक्या कचऱ्यात द्या. माझी लेक पुण्यात राहते. तिच्या दारात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या ताई येतात. ती जुन्या कपड्यांची पिशवी ओल्या कचऱ्यापासून लांब ठेवते आणि त्यांना विचारून देते. हे कापड बंबात घालू नका. त्याचा धूर विषारी असतो आणि तो आधी तुमच्याच घरात शिरतो.

गेलेल्या माणसाचे कपडे नदीत सोडायची पद्धत आपल्याकडे आहे. दुःख मला समजतं, पण कृष्णाकाठी झुडपांना अडकलेल्या साड्या मी बघते आणि वाटतं, त्या बाईने जपून नेसलेली साडी अशी का सडावी? एखादी साडी किंवा धोतर बाळाच्या दुपट्यासाठी ठेवा, बाकीचे चांगले कपडे देऊन टाका. घाई नाही, महिन्यांनी दिलेत तरी चालेल.

जुनी पैठणी किंवा शालू कापण्याआधी त्यातली जरी तपासून घ्या. खऱ्या जरीत चांदी असते आणि ती वजनावर विकली जाते. दोन ठिकाणी भाव विचारा, वजन डोळ्यांसमोर करून घ्या.

वेळही बघा. शाळेचा गणवेश त्याच शाळेच्या मुलाला मे महिन्यात द्या, कारण जूनच्या मध्यात शाळा उघडेपर्यंत त्याच्या घरी नवा घेऊन झालेला असतो. स्वेटर दिवाळीच्या आत द्या. आणि गाठोडं पावसाळाभर घरातच ठेवावं लागलं तर त्यात वाळवलेला कडुलिंबाचा पाला घाला आणि प्लास्टिकऐवजी जुन्या चादरीत बांधा.